व्हिएतनामचा गनिमी कावा त्यांच्याच खाडीतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचा मजकूर वाचला. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, एवढ्याशा देशाने हे केलं कसं? ते म्हणाले, आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं. त्यांच्या समाधीवर म्हणे ‘महाराजांचा एक मावळा इथे विसावला आहे’ असं कोरलेलं आहे, आणि त्यांचे कोणी मंत्री रायगडची माती घेऊन मायदेशी गेले. हाच मजकूर माझ्या जावयाने मला मोबाईलवर आधीच तीनदा पाठवला आहे. त्यातल्या एका खेपेला महाराजांच्या जागी महाराणा प्रताप होते, बाकी स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. मोबाईलवर फिरतं ते फिरो. छापील कागदावर आलं, म्हणून हे पत्र.

राष्ट्राध्यक्ष म्हणजे हो ची मिन्ह असं धरलं, तर ते २ सप्टेंबर १९६९ला वारले. सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ला. विजयानंतरचा प्रश्न त्यांना कोणी आणि कुठे जाऊन विचारला? हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या दगडी इमारतीत त्यांचा देह जपून ठेवलेला आहे. दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढीच अक्षरं आहेत.

आता कोणी अंगावर येण्याआधी सांगतो. माझं घर हर्णैला. बंदरावर उतरलं की समोर सुवर्णदुर्ग. महाराजांच्या आरमाराबद्दल मला कोणी शिकवू नये. महाराजांना मोठं करायला हनोईचा दाखला आणायची गरज आपल्याला का वाटते, हे मात्र मला कळत नाही. त्याहून मोठी चूक ही, की असल्या गोष्टींनी आपण त्या लोकांचे राजे पुसून टाकतो. महाराजांच्या जन्माआधी तीनशे बेचाळीस वर्षं, १२८८ साली, व्हिएतनामच्या त्रान हुंग दाओ या सेनापतीने मंगोल सम्राट कुबलाई खानाचं आरमार चिखलात रुतवून संपवलं. त्याच्या घराण्याचं नाव त्रान. लिहितात त्रान, पण हनोईकडची माणसं बोलतात तेव्हा ‘चन’ असं ऐकू येतं.

मी इतिहासाचा मास्तर नव्हे. बत्तीस वर्षं बोटींवर काढली, त्यातली शेवटची अठरा सुखाणी म्हणून. सुखाणी म्हणजे चाकावर उभा राहणारा. कुठे जायचं ते ठरवणारा दुसरा असतो, पण बोट ऐकते की नाही ते आधी आमच्या मनगटाला कळतं. १९९७ पासून पुढच्या सहा वर्षांत आमची बोट चार वेळा उत्तर व्हिएतनामातल्या हायफाँग बंदराला लागली. हायफाँगला शिरायचं तर समुद्रातून आधी बाक दांग नदीच्या मुखात यावं लागतं. ज्या नदीबद्दल मी लिहितो आहे तिच्यात चाक धरून शिरलो आहे, एवढाच माझा अधिकार.

पहिल्या खेपेला आम्ही बाहेर नांगरून पडलो होतो. बोट बंदरात नेणारा पायलट वेळेवर आला नाही आणि भरती निघून गेली. मी म्हटलं, काय बिघडलं, बारा तासांनी पुन्हा पाणी येईल. बोटीवरचा अधिकारी, सेकंड मेट, हसला. त्याने भरतीचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. तिथे दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी! पाणी चढायला जवळजवळ अर्धा दिवस, उतरायला अर्धा दिवस. आपल्याकडे सहा तासांत सुकती होते नि सहा तासांत परत खाडी भरते. तिथे गेलेलं पाणी उद्याच येतं. मोठ्या दिवसांत तीन-साडेतीन मीटर पाणी खालीवर होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे त्रान मुळात कोण, तर मासेमारी करणारे. हनोईच्या दक्षिणेला नाम दिन्ह आहे, तिथे तुक माक नावाच्या गावी, नदीच्या मुखाकडे राहणारे. मासळीवर पैसा केला, माणसं बाळगली. देशाचं नाव तेव्हा दाई व्हिएत आणि गादीवर ली घराणं, १००९ पासूनचं. १२०९च्या बंडाळीत ली युवराज राजधानी सोडून पळाला तो या त्रानांकडे आश्रयाला आला, आणि त्यांच्या मुलीशी त्याने लग्न केलं. झालं, पाय आत पडला. पुढे तो राजा झाला, त्याला मुलगा नाही, दोन मुली. धाकटीला, सात वर्षांच्या पोरीला, गादीवर बसवलं. तिच्या सेवेला त्रानांचा तिच्याच वयाचा मुलगा. तिथल्या बखरीत असं आहे की ती त्याच्या तोंडावर पाणी उडवायची, रुमाल फेकून मारायची. हे त्रान थू दो या त्याच्या चुलत्याच्या कानावर गेलं. पोरांचा खेळ त्याने लग्न म्हणून जाहीर केला आणि १२२५ साली बायकोने नवऱ्याला गादी देऊन टाकली, असा कागद झाला. तलवार न काढता राज्य बदललं. त्या मुलीचं नाव च्येउ होआंग. गादीवर बसलेली ली घराण्याची ती शेवटची.

त्रान थू दो हा माणूस वाचताना मला आवडूही नये आणि विसरताही येऊ नये असा आहे. गादी सोडलेला जुना राजा, म्हणजे त्या मुलीचा बाप, भिक्षू होऊन देवळात राहत होता. एकदा तो अंगणात गवत उपटत बसला होता. थू दो जवळ जाऊन म्हणाला, गवत काढायचं तर मुळासकट काढावं. राजा हात झटकून उठला, म्हणाला, समजलं. काही दिवसांनी त्याने गळफास घेतला. नंतर ली आडनावाच्या सगळ्यांना आडनाव बदलून न्ग्वेन करायला लावलं. सबब अशी की त्रानांच्या पूर्वजाच्या नावात ली आहे, त्याचा अपमान होतो. ज्या मुलीने गादी दिली तिला मूल जगलं नाही, म्हणून थू दोने तिला बाजूला केलं आणि राजाच्या थोरल्या भावाची बायको, पोटुशी असताना, आणून राजाला दिली. ती च्येउ होआंगचीच सख्खी बहीण. राजा इतका शरमला की रातोरात पळून येन तूच्या डोंगरावर एका भिक्षूकडे गेला. थू दो मागोमाग डोंगरावर. राजा जिथे आहे तिथेच दरबार, असं म्हणून तो तिथे बांधकामाच्या खुणा करायला लागला. राजा मुकाट खाली उतरला.

ज्याची बायको नेली तो भाऊ त्रान ल्येउ. त्याने बंड केलं, हरला, शरण आला तेव्हा राजाने स्वतः आडवं होऊन त्याला थू दोच्या तलवारीतून वाचवलं. मरताना त्याने आपल्या मुलाला सांगितलं, माझ्यासाठी गादी घे, नाहीतर माझे डोळे मिटायचे नाहीत. तो मुलगा म्हणजेच त्रान क्वोक तुआन, ज्याला सगळा व्हिएतनाम त्रान हुंग दाओ म्हणून ओळखतो. त्याने बापाचं ऐकलं नाही. राजाबरोबर प्रवासात असताना त्याच्या हातात टोकाला लोखंड बसवलेली काठी असे. लोक त्या टोकाकडे बघतात हे त्याच्या लक्षात आलं. बापाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याने लोखंड काढून फेकलं आणि नुसती काठी ठेवली.

मंगोल तीनदा आले. पहिल्यांदा १२५७च्या अखेरीस, आजच्या चीनमधल्या युनान प्रांताकडून, उरियांगखदाई नावाचा सरदार. राजधानी थांग लाँग म्हणजे आजचं हनोई. ती रिकामी करून राजा होडीत बसून निघाला. भावाला विचारलं, आता काय? भाऊ इतका घाबरलेला की उठवेना. त्याने बोट पाण्यात बुडवून होडीच्या कडेवर दोन अक्षरं काढली: ‘सोंगकडे चला’, म्हणजे पळून चीनच्या सोंग राजाचा आसरा घ्या. राजाची होडी तशीच थू दोच्या होडीकडे गेली. त्याचं उत्तर: माझं डोकं अजून जमिनीवर पडलेलं नाही, महाराजांनी काळजी करू नये. त्याची बायको, म्हणजे जुन्या राजाची विधवा राणी, घरोघरच्या होड्या तपासून लपवलेली हत्यारं काढून सैन्याकडे धाडत होती. मंगोल रिकाम्या शहरात शिरले, तिथे त्यांना काही मिळालं नाही, आणि १२५८च्या जानेवारीत मार खाऊन परत गेले. परतताना त्यांच्यात लुटायचंही त्राण उरलं नव्हतं, म्हणून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं ‘बुद्धाचे दरोडेखोर’. हे नाव वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. आमच्या बंदरावरची माणसं ठेवतील तसलं आहे ते.

दुसरी स्वारी १२८५ची, सगळ्यांत मोठी. कुबलाईचा मुलगा तोघान उत्तरेकडून, सोगेतू हा सरदार दक्षिणेकडून, चंपा या शेजारच्या राज्याच्या बाजूने. बखर पाच लाख सैन्य म्हणते. बखरींचे आकडे आपल्याला ठाऊक आहेतच. स्वारीच्या तोंडावर राजाने गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं, लढायचं की शरण जायचं? सगळे एका आवाजात म्हणाले, लढायचं. सैनिकांनी दंडावर ‘तातार मारा’, म्हणजे मंगोलांना मारा, अशी दोन अक्षरं गोंदवून घेतली. त्रान क्वोक तोआन नावाचा एक पोर वयाने लहान म्हणून मसलतीत घेतला नाही, तर रागाने त्याच्या मुठीतलं संत्रं कधी चिरडलं ते त्यालाही कळलं नाही. ही गोष्ट तिथे शाळेतल्या मुलांना पाठ असते. हायफाँगमधल्या आमच्या बोटीच्या एजंटच्या क्लार्कने मला मूठ आवळून करून दाखवली होती. राजधानी पुन्हा रिकामी झाली, काही राजपुत्र शत्रूला मिळाले, एक राजकन्या तोघानला देऊन वेळ काढावा लागला. राजा डगमगला तेव्हा हुंग दाओ म्हणाला, शरण जायचं असेल तर आधी माझं डोकं उतरवा. उन्हाळा लागला, मंगोलांची घोडी आणि माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा त्रान पलटले. सोगेतू मारला गेला, तोघान पळाला.

आता तिसरी, १२८७-८८ची. कोकणातल्या माणसाने नीट वाचावी अशी हीच.

या वेळी मंगोल शहाणे झाले होते. रिकाम्या शहरात खायला मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी धान्याची गलबतं समुद्रातून बरोबर आणली. त्यांची वाट वान दोनच्या बेटांमधून. तिथे पहाऱ्याला त्रान खान झू. हा एक नमुनाच. राजघराण्यातला, पण एका भानगडीत सगळी पदं गेली आणि कोळसा विकून पोट भरत होता. राजाने त्याला नदीत कोळशाच्या होडीत गवती टोपी घालून बसलेला पाहिलं, ओळखलं आणि परत घेतलं. वान दोनच्या लोकांचा पेहराव चिनी, शत्रू कोण आणि आपला कोण ते कळेना, म्हणून त्याने हुकूम काढला: सगळ्यांनी मा लोई गावच्या टोप्या घालाव्यात. हुकूम काढायच्या आधी त्याच्या घरच्यांनी मा लोईच्या टोप्या विकत घेऊन ठेवल्या होत्या! मग त्यांचा भाव काय झाला असेल ते वाचकांनी समजून घ्यावं. पण याच माणसाने, मंगोलांचं मुख्य लढाऊ आरमार त्याला हरवून पुढे निघून गेल्यावर, मागून येणारा धान्याचा ताफा गाठून बुडवला. मंगोलांचं पुढचं सगळं या एका फटक्याने ठरलं. खायला नाही म्हटल्यावर तोघानने परतायचं ठरवलं. तो जमिनीवरून आणि ओमार नावाचा सरदार आरमार घेऊन बाक दांगमधून समुद्राकडे.

हुंग दाओने नदीच्या फाट्यांच्या तोंडांशी लाकडी खुंट रोवून ठेवले होते. कल्पना त्याची नव्हे आणि ते लोकही तसं म्हणत नाहीत. याच नदीत ९३८ साली न्गो क्वेनने चिनी आरमार खुंटांवर घालून देश मोकळा केला होता. म्हणजे साडेतीनशे वर्षांचा जुना डाव, आणि नदीही तीच. परका माणूस त्याच पाण्यात पुन्हा फसला, कारण पाणी त्याचं नव्हतं.

९ एप्रिल १२८८. व्हिएतनामी पंचांगाने तिसऱ्या महिन्याची अष्टमी. भरती असताना त्रानांच्या लहान होड्या पुढे आल्या, थोडं लढल्या आणि पळत सुटल्या. ओमारची मोठी गलबतं मागे लागली. पाणी उतरायला लागलं तशा होड्या वळल्या. खुंट वर आले. गलबतं अडकली, आडवी झाली, पेटते तराफे सोडले गेले. चारशेवर गलबतं हाती लागली, ओमार पकडला गेला.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एक गोष्ट मला खटकली, आणि आपल्याकडच्या कुठल्याही तांडेलाला खटकेल. अष्टमी! अष्टमीला भांग असते. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, अष्टमीला पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. चारशे गलबतं बुडवायला हुंग दाओला हाच दिवस मिळाला? दोन वर्षं मी हा प्रश्न मनात घेऊन फिरलो. मग पुढच्या खेपेला त्याच सेकंड मेटला विचारलं. त्याने सांगितलं की जिथे दिवसाला एकच भरती असते तिथे आपला अमावास्या-पौर्णिमेचा हिशोब चालत नाही. तिथे चंद्र उत्तरेला किंवा दक्षिणेला किती लांब गेलाय त्यावर पाणी वाढतं. आणि चैत्र-वैशाखातल्या शुक्ल अष्टमीला चंद्र आकाशात बराच उत्तरेकडे असतो, कोणीही मान वर करून बघावं. म्हणजे तिथल्या हिशोबाने तो मोठ्या पाण्याचाच दिवस. मला त्या रात्री झोप आली नाही. हर्णैचा कोळी तिथे गेला असता तर हा दिवस त्याने सोडून दिला असता.

दुसरं, ओहोटी लांबलचक. आपल्या खाडीत गलबत टेकलं तर सहा तास दम धरावा, पाणी येऊन उचलतं. तिथे टेकलं की पुढचं पाणी येईपर्यंत सगळा दिवस शत्रूच्या हातात. तिसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही, मी मनगटाच्या भरवशावर सांगतो. ओहोटीचं पाणी आणि नदीची धार दोन्ही समुद्राकडे, म्हणजे ओमारच्या पाठीमागून. पाणी मागून ढकलत असलं की बोट सुकाणूला नीट ऐकत नाही. समोरून येणाऱ्या पाण्यात बोट धरून ठेवता येते, मागच्या पाण्यात ती आपल्यालाच घेऊन जाते. ओमारच्या सुखाण्यांना खुंट दिसले असतील, ओरडाही झाला असेल, पण वळवता आलं नसणार. चाक धरून त्या वळणावरून जाताना दर वेळी मला त्यांची आठवण झाली आहे. आपल्या धंद्यातली माणसं ती.

तिसऱ्या खेपेला एक दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा एजंटचा क्लार्क मला रुंगच्या तरीने पलीकडे कुआंग येनला घेऊन गेला. १९५०च्या दशकात तिथल्या येन जांग गावात बांध घालताना चिखलात जुने खुंट सापडले. तळ्यासारख्या खड्ड्यात ते अजून उभे आहेत, काळे, डोकी झिजलेली, बगळा बसावा एवढी. (२०१९ साली हायफाँगच्या बाजूलाही शेतात असे खुंट निघाले, ते मी पाहिलेले नाहीत.) जवळच हुंग दाओचं देऊळ आणि शेजारी एका म्हातारीचं. लोक सांगतात की ती तरीवर चहापाणी विकायची. हुंग दाओ तिथे थांबला तेव्हा तिने त्याला पाणी कधी चढतं, कधी उतरतं, कुठे किती चिखल आहे ते सांगितलं. लढाईनंतर तिचा शोध घेतला तर ती सापडली नाही. आता तिला ‘राजा-बाई’ म्हणतात आणि तिच्यापुढे उदबत्त्या लावतात. दंतकथा असेल. पण ज्याने ती रचली त्याला बंदरावरची खबर कोणाकडे असते ते माहीत होतं.

जिंकल्यावर त्यांनी काय केलं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यांच्या डोक्यात येणार नाही. त्यांनी कुबलाईकडे वकील पाठवला, नजराणा दिला, पकडलेली माणसं परत केली. एवढ्या मोठ्या शेजाऱ्याशी रोज भांडता येत नाही. मात्र ओमारला ज्या होडीतून परत धाडलं तिच्या तळाला समुद्रात भोक पाडून ती बुडवली. बखरीने हे लपवलेलं नाही. आणि आणखी एक. शत्रूच्या छावणीत एक पेटी सापडली होती, दरबारातल्या लोकांनी मंगोलांना लिहिलेल्या पत्रांची. थोरल्या राजाने ती न वाचता जाळायला सांगितली. आपल्याकडे कुठल्या पक्षाने हे केलं असतं, ते आपण छापणार नाही म्हणून लिहीत नाही.

थोरला राजा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. त्रानांची पद्धत अशी की राजा हयात असतानाच मुलाला गादीवर बसवायचा आणि स्वतः गावी, तुक माकला, जाऊन राहायचा. पण लगाम त्याच्याच हातात. १२९९ मध्ये थोरला राजा न्यान तोंग न कळवता राजधानीत आला, तर मुलगा आन तोंग दारू पिऊन आडवा, हलवून उठेना. बाप जेवायलाही थांबला नाही, सगळ्या अधिकाऱ्यांना तुक माकला यायचा हुकूम देऊन परत फिरला. जाग आल्यावर पोराची तारांबळ उडाली. वाटेत भेटलेल्या एका विद्यार्थ्याकडून माफीचा अर्ज लिहून घेऊन तो बापामागे धावला. अर्ज चांगला होता, माफी मिळाली, विद्यार्थ्याला नोकरी मिळाली. याच आन तोंगने मांडीवर अजगरासारखा ड्रॅगन गोंदवून घ्यायचं टाळलं होतं. बापाने समजावलं होतं, आपण खालच्या मुलखातले, मांडीवर गोंदतो, मूळ विसरू नये. गोंदणारा दारात उभा, बापाचं लक्ष दुसरीकडे गेलं आणि मुलगा सटकला. त्यानंतरच्या राजांच्या मांडीवर ड्रॅगन नाही.

१३०० साली हुंग दाओ मरणाला टेकला तेव्हा आन तोंगने विचारलं, मंगोल परत आले तर काय करू? तो जे बोलला त्यात गनिमी कावा सगळा आहे. शत्रू लांब पल्ल्यावर विसंबतो, आपण आखूड हत्याराने लढावं. तो आगीसारखा, वाऱ्यासारखा अंगावर आला तर त्याला थोपवणं सोपं. रेशमाचा किडा तुतीचं पान खातो तसा सावकाश आला तर जड जाईल. आणि शेवटी, रयतेची ताकद राखून ठेवा, खोल मूळ तेच.

चंपाबद्दल थोडं, कारण आपल्याकडचे लोक ‘मी सोन’ या ठिकाणच्या देवळांचे फोटो टाकतात आणि ते सगळं ‘व्हिएतनामी’ म्हणतात. चंपा हे दक्षिणेचं वेगळं राज्य, तिथले राजे शिवभक्त, शिलालेख संस्कृतात. २०२० साली ‘मी सोन’ला आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना नवव्या शतकातलं शिवलिंग मिळालं ते चंपाचंच. न्यान तोंग गादी सोडून भिक्षू झाला, चंपाला जाऊन आला आणि आपली मुलगी ह्वेन त्रान तिथल्या जय सिंहवर्मन राजाला द्यायचं कबूल करून आला. १३०६ला लग्न झालं, बदल्यात दोन प्रांत मिळाले. ह्वे शहराचा मुलूख त्यातलाच. वर्षभरात नवरा गेला. चंपाच्या रिवाजाप्रमाणे राणीने सती जायचं होतं. त्रानांनी वकील पाठवला, त्याने आधी समुद्रकाठी विधी करायचा आहे असं सांगून तिला किनाऱ्यावर आणलं आणि होडीत घालून पळवलं. परत यायला त्यांना इतके महिने लागले की बखरकाराने नाक मुरडलं आहे.

पुढचं लवकर सांगतो. चांगले राजे संपले. चंपाच्या ‘चे बोंग न्गा’ या राजाने १३७१ मध्ये थांग लाँग लुटलं, पुढे एक त्रान राजा त्याच्याशी लढताना मेला. चंपाचा हा वाघ १३९०ला तोफेच्या माऱ्यात गेला, पण तोवर सगळी सत्ता त्रान राजाचा नातलग ‘हो क्वी ली’ याच्या हातात गेली होती. त्याने कागदी चलन काढलं, जमिनीला मर्यादा घातली, राजधानी हलवली आणि १४०० साली गादीही घेतली. ज्या वाटेने त्रान आत आले त्याच वाटेने, म्हणजे सोयरिकीच्या, बाहेर गेले. तसं होऊ नये म्हणून त्यांनी पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं केली होती.

आता त्या ‘मावळ्या’च्या गोष्टीकडे परत. व्हिएतनामच्या सैन्याची पहिली तुकडी २२ डिसेंबर १९४४ रोजी काओ बांगच्या जंगलात उभी राहिली. माणसं चौतीस, आणि त्यांचा म्होरक्या व्हो न्ग्वेन ज्याप, हनोईतला इतिहासाचा शिक्षक. त्या जंगलाला त्यांनी नाव दिलं त्रान हुंग दाओ. फ्रेंचांवर १९५०-५१ मध्ये व्हिन्ह येनला मोहीम काढली, तिचं नाव त्रान हुंग दाओ. गंमत अशी की पलीकडे, अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामच्या आरमारानेही हुंग दाओलाच आपला देव मानलं होतं, आणि सायगावच्या धक्क्याजवळ नदीकडे बोट दाखवणारा त्याचा पुतळा १९६७ मध्ये त्यांनीच उभारला. दक्षिण बुडाली, सायगावचं नाव बदललं, पुतळा तिथेच आहे. एकमेकांचे गळे कापणारे दोघंही ज्याचं नाव घेत होते तो हा माणूस. तो कोणाचा, हे आपण हर्णैत किंवा दादरला बसून ठरवायचं?

त्यामुळे विनंती एवढीच की त्या मजकुराखाली पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. चार ओळी पुरतील. नाव ‘त्रान हुंग दाओ’ असंच छापावं, साल १२८८, नदी बाक दांग.

हे पत्र लिहून झाल्यावर त्यातला अष्टमीचा भाग मी जावयाला मोबाईलवर पाठवला. त्याने अंगठा पाठवला, लिहिलं, ‘बाबा, भारी’. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्याकडून पुन्हा तोच मजकूर आला, पुन्हा महाराणा प्रतापांचा, खाली ‘अकरा जणांना पाठवा’.

आपला,
एक निवृत्त सुखाणी
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी